रुखवतातली शिडी

आता तुम्ही शेडचा विषय काढलाच आहे, तर चहा आणखी अर्धा-अर्धा होऊ द्या. शेड म्हणलं की माझ्या बायकोला हसू येतं, पोरीला राग येतो आणि मला, काय सांगू, बसल्याजागी घाम फुटतो. माणूस घरामागं चार पत्रे ठोकतो, त्यात त्याची अशी किती फजिती होणार? ऐका मग.

मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. सगळी नोकरी स्टोअरच्या जाळीमागं काढली. कुणी बेअरिंग मागू दे नाय तर साधा बोल्ट, माझं एकच वाक्य ठरलेलं. "चिठ्ठी आणा." चिठ्ठी आणली की म्हणायचं, "साहेबाची सही आणा." सही आणली की म्हणायचं, "जेवणानंतर या." वाईट वाटून घेऊ नका, पण मागितल्याबरोबर वस्तू दिली की माणसाला तिची किंमत राहत नाही. हे माझं मत. पुढं याच मतानं मला खड्ड्यात घातलं, पण ते पुढं येईल.

तर रिटायर होऊन बजाजनगरच्या घरात बसलो. आणि स्टोअरच्या माणसाचा दुसरा गुण म्हणजे त्याला टाकणं माहीत नसतं. बंद पडलेला कूलर, त्याच्यासोबत दुसऱ्या कूलरची नुसती टाकी, सीलिंग पंख्यांची पाती, लोखंडी शिडी, मोटारसायकलचं टायर, नळाचे पाने, गव्हाची रिकामी कोठी. सगळं बैठकीत. एकदा आमच्या सुनंदाच्या माहेरचा माणूस आला तर त्याला बसायला जागा नव्हती, तो कोठीवर बसून पोहे खाऊन गेला.

त्या दिवशी सुनंदा म्हणाली, "अहो, या घरात एक तर भंगार राहील नाय तर मी. तुम्ही ठरवा."

मी म्हणलं, "विचार करून सांगतो." हे बोलायला नको होतं.

तर ठरलं, मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड टाकायचं. पण इथं एक अडचण. आमच्या कॉलनीत घरामागची जागा मोकळी ठेवायचा नियम आहे, काही बांधायचं तर परवानगी काढावी लागते. आणि हा नियम सगळ्यांना ओरडून सांगणारा माणूस कोण? मीच. कॉलनीचा सचिव मी. शेजारच्या जाधवांनी मागं एवढासा पत्रा टाकला होता, बिचाऱ्याची सायकल भिजू नये म्हणून. मी बैठकीत उभा राहून म्हणलं होतं, "जाधव, नियम म्हणजे नियम." त्यांनी मुकाट्यानं पत्रा काढला. सायकल गंजली.

आता मीच परवानगीला गेलो असतो तर कॉलनीभर झालं असतं. म्हणून गेलोच नाही. आमच्या ओळखीचे शकीलभाई, वेल्डिंगचं काम करतात, त्यांना बोलावलं. त्यांनी पाइप उभे केले, खाली सिमेंटमध्ये पक्के बसवले, वर पत्रा टाकला. काम एक नंबर. मी सामान आत लावलं. स्टोअरसारखंच, ज्याच्या त्याच्या जागी.

मग मला भीती वाटायला लागली. म्हणलं, "शकीलभाई, हे तर रस्त्यावरून दिसायलंय. कुणी साहेब आला तर?"

शकीलभाई मशीन गुंडाळत होते. हसून म्हणाले, "हौ भाऊ, दिसतंय तर दिसू दे. झालर बांधा, आंब्याचा पाला लावा, बोलो मांडव है. मांडव को कौन पूछता?"

तो माणूस मस्करी करत होता हो. पण माझं डोकं कसं चालतं बघा. मला ते पटलं. बांधकामाला परवानगी लागते, पण लग्नघराच्या दारातला मांडव कुणी पाडल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का? मी दुपारीच बाजारातून लाल-पिवळी झालर आणली. पाइपांना पांढरं कापड गुंडाळलं. कोपऱ्याकोपऱ्याला आंब्याचे डहाळे बांधले. लांबून बघितलं तर काय सांगू, दोन पाहुणे उभे केले असते तर अक्षताच टाकायच्या राहिल्या असत्या.

सुनंदा बाहेर आली आणि कपाळाला हात लावून पायरीवर बसली. "लग्नाचा पत्ता नाही अन् मांडव? अहो, घरात लग्नाची पोर आहे. असला खेळ करतात का?"

"नुसतं दाखवायला गं. थोडे दिवस."

आता पोरीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच येणार आहे. पल्लवी आमची एकुलती एक. शेंद्र्याला कंपनीत इंजिनिअर आहे. महिन्याभरापूर्वी तिला एक स्थळ आलं होतं, अजिंठ्याकडचं. मुलगा प्रशांत, तोही शेंद्र्यालाच कामाला. माणसं साधी, शेती बरी. कोठी मधून हलवून बघण्याचा कार्यक्रम केला. त्यांनी तिथंच पसंती सांगितली. मुलाचे वडील म्हणाले, "आमच्यात मामाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. ते सरकारी नोकरीत, आज येता आलं नाही. पण त्यांचाही होकारच धरा. तुमचं तेवढं कळवा."

पल्लवीलाही मुलगा पसंत होता. तिनं आईला सांगितलं, आईनं मला. आणि मी काय केलं? व्याह्यांना म्हणलं, "विचार करून सांगतो." विचार कसला करायचा होता? काही नाही. लगेच हो म्हणलं तर पोरीची किंमत काय राहिली? जेवणानंतर या. ते बिचारे तेव्हापासून वाट बघायले.

आणि इकडं मी मांडव घालून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाधव वहिनी हळद-कुंकवाची कोयरी घेऊनच आल्या. डोळ्यांत पाणी. "वहिनी, पल्लवीचं ठरलं अन् आम्हाला कळवलं पण नाही?" सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. आता बाई काय सांगणार? मांडव नाही, चोरून टाकलेलं शेड आहे? ज्या माणसाचा पत्रा आम्ही काढायला लावला त्याच्या बायकोला?

सुनंदा म्हणाली, "गडबडीत राहून गेलं हो."

झालं. दुपारपर्यंत गल्लीत कळलं. संध्याकाळी जाधव स्वतः आले. माझा हात हातात धरून म्हणाले, "सचिवसाहेब, मागचं काही मनात ठेवू नका. मांडवाला जागा कमी पडली तर आमचं आंगण तुमचंच. अन् उद्या पहिलं केळवण आमच्याकडं."

नको म्हणलं तर अपमान, हो म्हणलं तर खोटेपणा. गेलो. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. पल्लवीला पाटावर बसवून ओवाळलं, साडी दिली. पोरगी कंपनीतून दमून आलेली, तिला यातलं काही ठाऊक नाही. ताटावर बसल्यावर तिला कळलं की तिचं लग्न आहे. ती माझ्याकडं अशी बघत होती की मला तिसरी पोळी गेली नाही. तशी गेली, पण गोड लागली नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, माझं लग्न कुणाशी आहे तेवढं सांगा. उद्या कंपनीत विचारतील."

सुनंदा म्हणाली, "अहो, साधं आहे. अजिंठ्याला आत्ता फोन लावा, होकार कळवा. मांडव खरा होईल, केळवण खरं होईल, तुमचं तोंडही वाचेल."

किती सरळ रस्ता होता बघा. पोर दारात उभी, आशेनं बघायली. आणि मी म्हणालो, "उद्या कळवतो. आज केला तर त्यांना वाटेल आपल्याला घाई आहे."

सवय जात नाही हो माणसाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावायला चष्मा शोधत होतो, तेवढ्यात दाराशी मोटारसायकल थांबली. एक जण उतरला. पन्नाशीचा, मिशा बारीक कापलेल्या, खिशातून मोजायचा टेप डोकावत होता. म्हणाला, "बांधकाम विभागातून आलोय. मागं काय बांधलंय ते बघायचं होतं."

तयारी होती माझी. म्हणलं, "बांधलं काही नाही साहेब. मांडव आहे. या ना."

साहेब मागं आले. मांडवाभोवती एक चक्कर मारली. मग पाइपाला हात लावून हलवून बघितला. तो काय हलतोय, शकीलभाईंचं काम.

"मांडवाला सिमेंटचा पाया?"

"वारा लई असतो साहेब इकडं."

"वर पत्रा?"

"पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून."

साहेबांनी कापड बाजूला सारून आत डोकावलं. बराच वेळ बघत होते. "अन् हे काय? कूलर, टायर, पंख्याची पाती…"

आता इथं माणसानं काय उत्तर द्यावं? तुम्ही काय दिलं असतं? माझ्या तोंडातून निघून गेलं, "रुखवत आहे साहेब."

साहेबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "रुखवतात शिडी?"

"पोरगी बुटकी आहे. उंचावरचं काही काढायला लागतं संसारात."

"अन् टायर?"

"ते जावयाला."

साहेबांनी टेप खिशात ढकलला. मला वाटलं, जिंकलो. म्हणलं, "बसा ना साहेब, चहा घ्या." ते बसले नाहीत. म्हणाले, "लग्न मुलीचं का? मुलगा कुठला?"

आता खोटं बोलायचं तर लांबचं बोलावं, म्हणजे कुणी तपासत नाही. मी म्हणलं, "पुण्याचा. मोठ्या कंपनीत आहे. बंगला, गाडी, सगळं."

"असं का. मग अजिंठ्याकडचं एक स्थळ आलं होतं म्हणे तुमच्याकडं, त्याचं काय झालं?"

बघा, इथं शहाण्या माणसाच्या डोक्यात घंटा वाजली असती. या माणसाला अजिंठ्याचं कसं ठाऊक? पण मी तेव्हा पुण्याच्या बंगल्यात होतो. पाय पसरून बोलायला लागलो. "आलं होतं ना. माणसं बरी होती. पण काय सांगू साहेब, त्या मुलाला एक मामा आहे. आमचे साडू सांगत होते, लई नाक खुपसतो. घरात भाजी कुठली करायची तेही म्हणे त्यालाच विचारतात. अशा घरात कोण पोर देईल?"

साहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. चहा राहू द्या." आणि गाडीला किक मारून गेले.

मी आत येऊन सुनंदाला सांगितलं, "बघितलंस? मांडव को कौन पूछता." आणि विजयाच्या आनंदात अजिंठ्याला फोन लावायचा राहूनच गेला.

संध्याकाळी त्यांचाच आला. मुलाचे वडील. आवाज एकदम गार. "अभिनंदन पाहुणं. पुण्याचं स्थळ मिळालं म्हणे. आमचे मेहुणे सकाळी तुमच्याकडंच आले होते, बांधकाम विभागात आहेत ते. म्हणाले, मी डोळ्यानं मांडव बघून आलो. रुखवत पण बघून आलो. आम्हाला आधी सांगितलं असतं तर आम्ही वाट तरी बघितली नसती."

मी "अहो ऐका, अहो ऐका" म्हणेपर्यंत फोन ठेवला.

पल्लवी तिथंच डबा विसळत उभी होती. फोन स्पीकरवर, तिनं सगळं ऐकलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "पप्पा, मला तो आवडला होता. तुम्हाला शेड पाहिजे होतं." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

हसू नका आता. त्या वेळी मला रडू आलं होतं. खरंच आलं होतं. कूलरच्या टाकीसाठी मी पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, असा बाप तुम्ही बघितलाय का? सुनंदानं नुसतं ताट वाढून समोर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बांधकाम विभागाचं ऑफिस उघडायच्या आधी मी दारात हजर. रांग मोठी. कुणाच्या हातात नकाशा, कुणाच्या हातात फाइल, सगळे परवानगीला आलेले. माझा नंबर आला. साहेब खुर्चीत. मान वर न करता म्हणाले, "काय काम?"

मी म्हणलं, "साहेब, मला नोटीस द्या."

मागचे माना पुढं काढून बघायला लागले. नोटीस रद्द करा म्हणून येणारे त्या ऑफिसनं रोज बघितले असतील. मागायला आलेला मी पहिलाच.

"कशाची नोटीस?"

"माझ्या घरामागं शेड आहे. बेकायदा. परवानगी काढलेली नाही."

"शेड कुठंय? तिथं तर मांडव आहे."

"मांडव नाही साहेब."

"पाया वाऱ्यासाठी आहे ना?"

"नाही साहेब. शेडसाठी आहे."

"रुखवत?"

"भंगार आहे साहेब."

"पुण्याचा मुलगा?"

"तो नाहीच. कुठंच नाही."

रांगेतला एक जण खोकायला लागला, हसू दाबत होता तो. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अन् मुलाचा मामा नाक खुपसतो, ते?"

मी म्हणलं, "ते साडू म्हणाले होते."

साहेब म्हणाले, "तेवढं एक खरं आहे. बाकीचं आजच्या आज पाडा."

मी हात जोडले. "पाडतो साहेब. तुम्ही म्हणाल ते पाडतो. पण पोरीचं मन मोडू नका. तिचा काही दोष नाही यात. होकार तिचा पहिल्या दिवसापासून होता, मीच अडवून धरला."

"का?"

मी म्हणलं, "सवय आहे साहेब. स्टोअरला होतो."

साहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि पहिल्यांदा जरा हसले. "अहो, साधा अर्ज केला असता, कडेनं जागा सोडली असती, पाया पक्का केला नसता, तर मीच सही करून दिली असती. त्यासाठी पोरीचा मांडव घातला तुम्ही?" मग म्हणाले, "संध्याकाळी येतो बघायला. जागा मोकळी दिसली तर पुढचं बोलू."

मी रिक्षानं घरी. शकीलभाईंना घेऊन आलो. सामान परत बैठकीत नेऊन टाकलं. पाइप कापायला लागल्यावर शकीलभाईंचा चेहरा पडला. "भाऊ, मैं मजाक में बोल्या था."

"माहीत आहे शकीलभाई. कापा."

आणि हा आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. त्यांना काय दिसलं? परवाच केळवण झालेल्या पोरीच्या दारातला मांडव उतरवायलेत. जाधव वहिनी धावत आल्या, सुनंदाच्या गळ्यात पडल्या. "जाऊ द्या वहिनी, आपली पोर लाखात एक आहे, दुसरं मिळेल." कुणी म्हणे पुण्याची माणसं तसलीच असतात. हे पुण्याचं कुठून बाहेर फुटलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. एका म्हातारीनं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला.

एवढ्या प्रेमापुढं मला टिकता येईना. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, लग्न मोडलं नाही, मांडवच नव्हता, मी नियम मोडून शेड टाकलं होतं. जाधवांनी शांतपणे विचारलं, "सचिवसाहेब, मग आमचा पत्रा परत कधी लावू?"

त्याच संध्याकाळी मी सचिवपद सोडलं. ते जाधवांकडं गेलं.

मामा आले. आता साहेब नाही म्हणत, मामाच म्हणतो. मोकळी जागा बघितली, पाया उखडल्याचे खड्डे बघितले. मग बैठकीत आले आणि बसायला जागा नव्हती म्हणून कोठीवर बसले. सुनंदानं चहा दिला. या वेळी घेतला. कप खाली ठेवून त्यांनी मला विचारलंच नाही. सरळ पल्लवीला म्हणाले, "पोरी, आमचा प्रशांत तुला पसंत आहे का?"

मी सवयीनं तोंड उघडलं. सुनंदानं टाचेनं माझा पाय असा दाबला की ते परत मिटलं.

पल्लवी म्हणाली, "हो."

एवढंच. मागितल्याबरोबर दिलं पोरीनं. आणि किंमत तसूभर कमी झाली नाही, उलट मामांनी तिथूनच अजिंठ्याला फोन लावला.

लग्न मंगल कार्यालयात झालं. रुखवत मांडलेलं होतं, लोकरीची फुलं, मण्यांचा गणपती, बोळकी, सगळं रीतसर. मामा टेबलासमोर उभे राहिले आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "हे ते रुखवत नाही. मी स्वतः तपासलं होतं, त्यात शिडी होती. कूलर होता. जावयाला टायर होतं. आम्हाला दाखवलेलं सगळं आलं पाहिजे." सगळा हॉल हसायला लागला. मीही हसलो, म्हणलं मामा मस्करी करायलेत.

मी हसत होतो तोवर सुनंदानं टेम्पो लावला सुद्धा. कितीतरी वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. कूलर, टाकी, पाती, कोठी, पाने, शिडी, सगळं पोरीच्या पाठवणीसोबत गेलं. शिडीला तिनं लाल रिबीन बांधली होती.

आता ते सगळं अजिंठ्याला व्याह्यांच्या शेतातल्या शेडमध्ये आहे. परवानगी काढून टाकलेलं शेड, हे मामा मला प्रत्येक भेटीत सांगतात. आमच्या घरामागं सुनंदानं कपडे वाळवायची दोरी बांधलीय.

तर परवा आमच्याकडं नळ यायचा दिवस. इतक्या दिवसांनी पाणी आलेलं आणि नेमका वॉल्व्ह गळायला लागला. पाना पाहिजे, आणि माझे सगळे पाने अजिंठ्याला. व्याह्यांना फोन केला, म्हणलं, "पाहुणं, प्रशांतराव इकडं यायचे आहेत, त्यांच्याकडं एक पाना देता का?"

व्याही म्हणाले, "सामानाचं सगळं मामा बघतात. त्यांच्याशी बोला." आणि सुट्टीला तिथं आलेल्या मामांकडं फोन दिला.

मी म्हणलं, "मामा, एक पाना पाहिजे होता. माझाच आहे."

पलीकडून पल्लवीचं हसू ऐकू आलं, तेव्हा मला कळलं की पोरीनं सासरी सगळं सांगितलंय.

मामा म्हणाले, "चिठ्ठी पाठवा. जेवणानंतर बघू."

नळाखाली बादली लावली आणि चिठ्ठी लिहायला बसलो.